मुखपृष्ठावरचे पाच ठिपके

आमच्या टाउनशिपमध्ये गोऱ्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी मी केलेल्या होत्या. ही बढाई नाही, माझी नोकरीच ती होती. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या प्रसिद्धी विभागात मी तीसेक वर्षं फोटो 'रिटच' करत होते. सर्व्हिस बुकात माझं पद 'आर्टिस्ट, ग्रेड दोन' असं होतं, पण क्वार्टरांतून सगळे मला 'टचिंगवाली दीदी' म्हणत. आता मी शाहपुऱ्यात, तळ्यापासून दोन गल्ल्या आत राहते. नात फोनवर बोट फिरवते आणि स्वतःचा चेहरा उजळवून मला दाखवते. हेच काम आजी पेन्सिलीनं करायची, असं तिला सांगितलं तर म्हणाली, "नानी, कुछ भी." तिचा विश्वास बसावा म्हणून हे लिहायला घेतलं.

काम असं असायचं. तेव्हा फोटोच्या आधी निगेटिव्ह. आमच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चांगली तळहाताएवढी असे. तिच्यावर सगळा उलटा कारभार. केस पांढरे, दात काळे आणि गोरा माणूस कोळशासारखा. चेहऱ्यावर काळा डाग असेल तर निगेटिव्हवर तेवढी जागा मोकळी, पारदर्शक दिसते. ती जागा पेन्सिलीच्या सुईसारख्या टोकानं बारीक बारीक भरत गेलं की फोटोत डाग नाहीसा. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळ्यांवर औषध एकच. कधी कधी निगेटिव्हलाच टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं, त्याला आम्ही पिनहोल म्हणायचो. त्याचाही फोटोत काळा ठिपकाच उमटतो, म्हणून तेही भरायचं. आणि माणूसच सावळा असेल तर कपाळापासून गळ्यापर्यंत सगळा चेहरा पेन्सिलीनं विणून काढायचा. याला दोन-दोन दिवस लागत, पण मागणी याच कामाला जास्त.

ही विद्या मला वडिलांकडून मिळाली. इंदूरला त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक स्वतःचा फोटो काढायला येत नाही, आपण जे व्हायचं राहून गेलं त्याचा काढायला येतं." मी स्वतः चांगली सावळी. लग्नाचं वय झालं तेव्हा बाबांनी माझ्या फोटोवर आठ दिवस पेन्सिल चालवली. तो फोटो पाहून ग्वाल्हेरची मंडळी आनंदानं आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर मुलाच्या आईनं मोठ्या प्रेमानं विचारलं, "ही थोरली का? आणि मुलगी कुठंय?" पोहे मात्र त्यांनी पोटभर खाल्ले. दुसरं स्थळ भोपाळचं, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरातलं, मूळचं नागपूरकडचं. त्या मुलानं फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि फोटो बाबांच्या हाती परत देत म्हणाला, "हा ठेवून घ्या तुमच्यापाशी. घरात दोघी-दोघी कायले पाहिजे?" त्याच्याशी मी लग्न केलं, आणि नंतरची चाळीस वर्षं त्याच्या विनोदांना हसत राहिले.

एवढं झाल्यावर तरी मला अक्कल यायला हवी होती. ती आली नाही. उलट कारखान्यात लागल्यावर मी नव्या जोमानं सगळ्यांना उजळवायला घेतलं. ज्याला काट्याचं दुखणं माहीत असतं तोच दुसऱ्याच्या पायातला काटा काढायला धावतो, असं मी मनाशी म्हणायची.

टाउनशिपमध्ये अधिकाऱ्यांच्या बायकांचा एक महिला क्लब होता आणि दर दिवाळीला त्याचा वार्षिकांक निघे. त्याचं मुखपृष्ठ आमच्या विभागात तयार व्हायचं. फोटो रशीदभाई काढायचे. ते जुन्या शहरातले, बोलणं गोड, कुणालाही भोपाळी लाडानं 'ख़ां' म्हणायचं, आणि चाल संथ. फोटो माझ्याकडे आला की मी तो 'कव्हर'च्या लायकीचा करायची. सुरुवातीची काही वर्षं प्रश्नच नव्हता, कारण मुखपृष्ठावर जनरल मॅनेजर साहेबांच्या पत्नीच असत. साहेब बदलले की मुखपृष्ठ बदलायचं. मग कधीतरी क्लबच्या वाचनालयात मुंबईची इंग्रजी फॅशन मासिकं येऊ लागली आणि कार्यकारिणीच्या डोळ्यांत नवं तेज आलं. सेक्रेटरी होत्या मिसेस खन्ना, मोठ्या उत्साही बाई. त्या मासिक उघडून माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बस दीदी, ऐसा लुक."

त्या 'लुक'साठी मी ती मासिकं जितकी निरखून पाहिली तितकी ती छापणाऱ्यांनीही पाहिली नसतील. एका वर्षाचे बारा अंक ओळीनं मांडले तर एकाच घरातल्या बारा बहिणी वाटाव्यात. रंग एक, नाक एक, मान वळवण्याची तऱ्हा एक. मुसलमान बाई मुखपृष्ठावर ईदच्या महिन्यात येई, आणि तीही शरारा घालून, हात कपाळाशी नेऊन आदाब करत. ख्रिस्ती बाईचा महिना डिसेंबर. खेड्यातली बाई पाहिजे असली तर त्याच बारा बहिणींतल्या एकीला घागरा घालून तिच्या कमरेवर घागर ठेवायचे, आणि घागरीत पाणी नाही हे तिच्या कमरेवरून कळायचं. खरी काळी बाई मुखपृष्ठावर कधी दिसे? कुठं दुष्काळ पडला की. पण ते मासिक बातम्यांचं, फॅशनचं नव्हे.

आम्हीही काही मागे नव्हतो. एका वर्षी क्लबनं ठरवलं की मुखपृष्ठावर सर्वधर्मसमभाव हवा. सरकारी कारखान्यात सगळ्या मुलखांतली माणसं होतीच, तेव्हा चार बायका निवडल्या. केरळची नर्स एलीअम्मा, टाउनशिपच्या शाळेतल्या शकीला बाजी, शेजारच्या ब्लॉकमधली एक सरदारीण आणि 'महाराष्ट्रीयन' म्हणून मी. सगळ्यांनी आपापल्या वेशात यावं, असा हुकूम. शकीला बाजी रोज कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गणित शिकवायच्या. त्यांना शरारा आणायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मेरे पास तो नहीं है। मेरी अम्मी के पास भी नहीं था।" शेवटी मिसेस खन्नांनी स्वतःच्या बहिणीच्या लग्नातला शरारा आणून दिला. एलीअम्माला पांढरा गाऊन हवा असं ठरलं, आणि तिनं डोळे मोठे करून विचारलं, "मैं दुल्हन हूँ क्या?" माझ्यासाठी नऊवारी आली ती नेसवायला टाउनशिपमध्ये कोणी सापडेना. मी इंदूरची, जन्मभर पाचवारीतली. अखेर एका तेलुगू शेजारणीनं अंदाजानं नेसवली. रशीदभाई कॅमेऱ्यामागून म्हणाले, "दीदी, साँस ले लो, फ़ोटो में सुनाई नहीं देगी." नऊवारी सुटण्याच्या भीतीनं मी श्वास धरून उभी होते.

मग निगेटिव्ह माझ्याकडे आली आणि मी चौघींनाही नीट, मनापासून टच केलं. अंक निघाल्यावर शकीला बाजी तो घेऊन आमच्या विभागात आल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "वनिता, मज़हब तो चार ले लिए तुमने, बहन एक ही बना दी." मी हसले. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं होतं, पण त्यातलं माझ्या अंगाला काही लागलं नाही. चार रंग एकसारखे करणं ही मला माझ्या हाताची करामत वाटत होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नवे जनरल मॅनेजर आले. त्यांच्या पत्नी कलकत्त्याच्या, कॉलेजात शिकवून आलेल्या. आल्या आल्या त्यांनी प्लांट पाहायचा हट्ट धरला. कॉइल सेक्शनमध्ये मोठ्या मोटारींच्या तांब्याच्या कॉइलींवर अभ्रकाची टेप गुंडाळायचं काम बायका करत. टेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा चढला पाहिजे. मोजपट्टी लावायला वेळ नसतो, डोळ्यानंच जमवावं लागतं. तिथं मॅडमना सोनवती दिसली. पूर्वेच्या जंगलपट्ट्यातल्या दिंडोरीकडची गोंड मुलगी, वय तेविसेक, नवऱ्याबरोबर भोपाळला आलेली. सुपरवायझरनं सांगितलं की तिच्या हातची कॉइल तपासणीतून कधी परत येत नाही. मॅडमनी कार्यकारिणीच्या बैठकीत जाहीर केलं की यंदा मुखपृष्ठावर ही मुलगी.

बायकांनी मिसेस खन्नांकडं पाहिलं. मग मिसेस खन्ना म्हणाल्या, "मैडम, वो लड़की बहुत अच्छी होगी। पर ये कवर है, सेफ़्टी पोस्टर थोड़े ही है।"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "क्यों, आपको उससे कोई ख़तरा है?"

विषय तिथंच संपला, पण 'कव्हर टाइप नाही' ही कुजबुज पुढं आठवडाभर क्वार्टरांतून फिरली. ती ऐकून मला राग आला. तो राग खरा होता, हे मी आजही सांगते. ग्वाल्हेरच्या त्या बाईंचा 'आणि मुलगी कुठंय' कुठंतरी आत राहिलाच होता.

रशीदभाईंनी सोनवतीचा फोटो कॉइल सेक्शनच्या खिडकीपाशी काढला. निळा एप्रन, घट्ट बांधलेले केस, चेहरा उजेडाकडं थोडा वळवलेला, एक कान दिसतोय. ती आधी लाजली, मग तिनं मला हळूच विचारलं, "दीदी, ये किताब मैं गाँव ले जा सकती हूँ? अम्मा को दिखानी है।" भावाला तिनं कुणाकडून तरी आधीच पत्र लिहवून पाठवलं होतं, आणि गावात बातमी पसरली होती की सोनवतीचा फोटो किताबीवर येणार. दिवाळीची सुट्टी लागली की ती गावी निघणार होती.

निगेटिव्ह माझ्या हातात देताना रशीदभाई म्हणाले, "ख़ां, इस पे ज़रा हाथ हल्का रखना. बच्ची जैसी है, बढ़िया है।"

मला ते लागलं. वीस वर्षं काम करून हात कुठं हलका ठेवायचा हे मला आता कॅमेरावाला शिकवणार का, असं वाटलं. आणि मी मनात ठरवलं की 'कव्हर टाइप नाही' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची. चार दिवस मी त्या एका निगेटिव्हवर बसले. इतकं सफाईदार काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. चेहरा एकसारखा उजळला. डोळ्यांच्या कडेला दोन आणि हनुवटीवर तीन असे काळे ठिपके होते, ते भरून टाकले. हात इतका सरावलेला की ते काय आहेत हे पाहायला पेन्सिल थांबलीसुद्धा नाही. मिसेस खन्नांनी प्रिंट पाहून म्हटलं, "देखा, ये तो बिलकुल मैगज़ीन वाली हो गई।" त्या दिवशी मी घरी जाताना मिठाई घेतली.

अंक छापून आले ते क्लबच्या प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी, सकाळी. आठशे प्रती, गठ्ठे बांधलेल्या. समारंभ दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि संध्याकाळच्या गाडीनं सोनवती गावी जायची. मी एक गठ्ठा सोडला आणि तिला निरोप पाठवून विभागात बोलावलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला स्वतःला पाहायचा होता.

तिनं हात एप्रनला पुसले, अंक दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग अगदी सभ्यपणे म्हणाली, "बहुत सुंदर है दीदी। ये कौन है?"

मी हसून म्हटलं, "अगं, तू आहेस. और कौन?"

तिनं पुन्हा पाहिलं. तिचा हात आपोआप हनुवटीकडं गेला. "मेरा गोदना कहाँ गया?"

तेव्हा मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. चार दिवस तिची निगेटिव्ह पाहिली होती, तिला अशी पाहिलीच नव्हती. डोळ्यांच्या कडेला एकेक आणि हनुवटीवर तीन, गोंदलेले हिरवट काळे ठिपके. तिच्या आईनं लहानपणी तिला मांडीवर धरून गोंदवून घेतलेले.

"अम्मा ने कहा था," सोनवती खाली बघत म्हणाली, "शहर जाने वाली सब लड़कियाँ गोदना मिटवा लेती हैं, तू भी मिटवाएगी। मैंने क़सम खाई थी कि नहीं मिटवाऊँगी। हमारे यहाँ कहते हैं, मरने पर सब गहना यहीं उतर जाता है, गोदना ही साथ जाता है। अब ये देखेगी तो…" तिनं अंक नीट बंद करून माझ्या टेबलावर ठेवला. "मैं नहीं ले जाऊँगी दीदी। आप बुरा मत मानना."

आप बुरा मत मानना. वाईट मी करायचं आणि वाईट मी वाटून घेऊ नये म्हणून तिनं मला समजवायचं. मला रडू आलं, आणि ती गेल्यावर मी डार्करूमचा लाल दिवा लावून आत रडूनही घेतलं. रशीदभाईंनी दारावर टकटक केली नाही, बाहेर चहा आणून ठेवला.

चहा पिऊन मी पहिलं काम केलं ते निगेटिव्ह पुसण्याचं. पेन्सिल टर्पेंटाइनच्या कापसानं निघते. चार दिवसांची माझी कारागिरी दोन मिनिटांत कापसावर आली. कानाखाली एक पिनहोल होतं, तेवढं पुन्हा भरलं, आणि खऱ्या चेहऱ्याची प्रिंट काढली. तो घेऊन मॅडमच्या बंगल्यावर गेले आणि सगळं सांगितलं. नोकरीचं काय होईल ते होवो असं ठरवूनच गेले होते. मॅडमनी दोन्ही चेहरे शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "दोबारा छप सकता है?" प्रेस दिवाळीसाठी दुपारी बंद होणार होती.

उपाय रशीदभाईंना सुचला. ते म्हणाले, "मिटाए हाथ से हैं, तो हाथ से बना दो. आठ सौ ही तो हैं।"

आठशे प्रती, प्रत्येकीवर पाच ठिपके. चिकण्या कागदावर साधी शाई ठरत नाही, पसरते. ती टिकवायला ड्रॉइंग ऑफिसमधली ट्रेसिंगची पेनं आणि काळी शाई हवी. आता सरकारी कारखान्यातून साधी पाचर बाहेर काढायची तरी गेटपास लागतो. पंधरा पेनं आणि चार दौती फाटकाबाहेर क्लबमध्ये न्यायच्या म्हणजे तीन सह्या. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर ड्रॉइंग ऑफिसचे बडे बाबू अडून बसले. मी म्हटलं, "लिहा, चूकदुरुस्ती." त्यांनी हिंदीत 'त्रुटि सुधार' लिहिलं आणि समाधानानं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता क्लबच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. इतक्या पेनांना हात कुठून येतील असं वाटलं होतं. पण मॅडमनी कॉइल सेक्शनला कळवलं होतं, आणि तिथल्या नऊ बायका सुट्टी असूनही आल्या. शकीला बाजी आल्या, नाइट ड्यूटी संपवून एलीअम्मा आली. सगळ्यांत शेवटी मिसेस खन्ना आल्या, बाह्या सावरत. कोणी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "पेन दो. स्कूल में मेरी ड्राइंग बहुत अच्छी थी।"

सोनवतीला आम्ही मधोमध खुर्चीवर बसवलं. नमुना तीच. ती इतकी संकोचली की आधी मान वर करीना. मग काम सुरू झालं आणि तिच्यातली कारागीर जागी झाली. एकेक प्रत तिच्यासमोर यायची आणि ती तपासायची. "ये थोड़ा ऊपर हो गया. इसमें ठुड्डी वाला टेढ़ा है। ये किसने किया, बाजी ने? एकदम सही।" शकीला बाजी म्हणाल्या, "गणित की टीचर हूँ बेटा, बिंदु रखना मेरा पेशा है।" कॉइलवाल्या बायकांचे ठिपके न मोजताही बरोबर जागी पडत. मिसेस खन्नांच्या पहिल्या वीस प्रती बाद झाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून सोनवतीसमोर गेल्या, वाकून तिचा चेहरा नीट पाहिला आणि परत येऊन जे ठिपके दिले ते शेवटपर्यंत चुकले नाहीत. एकदा मान न उचलता म्हणाल्या, "मेरी नानी के हाथ पर था. नाम गुदा था. हम बच्चे उस पर उँगली फेरते थे।" एवढंच बोलल्या, आणि एका प्रतीवर घाईत सहा ठिपके दिले.

माझा हात मात्र पहिल्या प्रतीवर अडला. जन्मभर ठिपके घालवणारा हात तो. ठिपका उमटवायचा म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हतं. सोनवतीनं माझं मनगट धरलं आणि पेन आपल्या जागी नेऊन टेकवलं. "बस, इतना ही, दीदी. डरो मत।"

दीड वाजता शेवटची प्रत झाली. दोन वाजता समारंभ. पाहुण्यांना काही कळलं नाही, एका इंजिनिअर साहेबांच्या बोटाला मात्र ओली शाई लागली आणि ते ती दिवसभर रुमालाला पुसत राहिले. सोनवतीनं सुकलेली प्रत निवडून घेतली, लुगड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि गाडी पकडली.

दिवाळीनंतर ती परतली तेव्हा मी विचारायला घाबरत होते. तीच आली. "अम्मा ने पहचान लिया," एवढंच म्हणाली. आणखी काही सांगायचं आहे असं तिच्या ओठांवर आलं, पण मग नुसती हसली आणि गावाकडचा महुआ, म्हणजे मोहाची सुकी फुलं, पुडीत देऊन गेली. मला एवढ्यानंच भरून पावलं.

त्यानंतर मी रिटचिंग सोडलं नाही, पोट त्यावरच होतं. पण पेन्सिलीला टोक काढण्याआधी प्रत्येकाला विचारायची सवय लागली की काय राहू द्यायचं. लोक गमतीदार उत्तरं देत. एका फोरमननं कपाळावरची खोक ठेवायला सांगितली, कारण ती बढतीच्या दिवशी पडली होती. शकीला बाजींनी निवृत्तीच्या फोटोच्या वेळी बजावलं, "झुर्रियाँ रहने देना. बच्चों ने दी हैं, बड़ी मेहनत से।" वार्षिकांकाची मुखपृष्ठंही सुधारली असं म्हणवत नाही. पुढच्या साहेबांबरोबर पुन्हा त्यांच्या पत्नी मुखपृष्ठावर आल्या. पण त्या होत्या तशा आल्या.

यंदा दिवाळीच्या आधी सोनवतीच्या मुलाचा फोन आला. ती आता मुलाकडं अशोका गार्डन वस्तीत असते, रुळांपलीकडं, खाली त्याचं बिजलीच्या सामानाचं दुकान. "अम्मा आपको याद करती हैं," म्हणाला. गेले. सोनवती साठी ओलांडलेली, केस पांढरे, पण नजर अजून उशीची शिवण बसल्या जागी जोखणारी. चहा झाल्यावर ती आत गेली आणि काचेची एक चौकट घेऊन आली. गावातल्या घरी होती, भाऊ गेल्यावर भाच्यानं आणून दिलेली. आमचं मुखपृष्ठ, कडा पिवळ्या पडलेल्या. माझे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे पाच ठिपके विटून तपकिरी झाले होते. पण कानाखाली एक सहावा ठिपका होता, इतरांपेक्षा मोठा, थोडा फेंगडा आणि अजून काळाभोर.

मी म्हटलं, "मिसेस खन्नांची प्रत का ही?"

सोनवती हसू लागली. "नहीं दीदी. अम्मा ने उसी दिन देखा, उँगली रख-रख के गिना और बोली, शहर वालों ने एक छोड़ दिया. फिर ढिबरी जलाई, उसका काजल लिया और लगा दिया. मुझे तो पता ही नहीं था कि छठा भी है, वहाँ आईना कहाँ पहुँचता है।"

"मग मला सांगितलं का नाहीस, इतकी वर्षं?"

"आप लोगों ने सुबह से बैठ के इतना किया था," ती म्हणाली. "कैसे बोलती कि एक कम है?"

मी चष्मा लावला आणि तिला मान जरा वळवायला सांगितलं. सुरकुत्यांमध्ये, कानाच्या पाळीखाली, हिरवट काळा ठिपका होता. म्हणजे ते पिनहोल नव्हतंच. चूक कबूल केल्यावर, रडून झाल्यावर, सगळी निगेटिव्ह पुसून झाल्यावरही मी तो पुन्हा भरला होता. तिचा ठिपका मी एकदा नाही, दोनदा घालवला होता.

घरी आल्यावर माळ्यावरून माझी प्रत काढली. नातीकडं काळं पेन मागितलं. ती म्हणाली, "नानी, फोन पे कर दूँ? एक सेकंड लगेगा."

मी नको म्हटलं. मनगट कसं धरायचं हे मला सोनवतीनं शिकवलं होतं, तसंच धरलं, आणि कानाखाली सहावा ठिपका दिला.